जितेंद्र सावे यांचं न घडवलेलं शिल्प

वसईतल्या वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका रांगेत जितके गाळे आहेत, त्या सगळ्यांतून संध्याकाळी काही ना काही माल बाहेर पडतो. एकातून बाटल्यांची बुचं, एकातून रबरी वायसर, एकातून पंख्यांची पाती, एकातून तर फरसाणसुद्धा. फक्त शेवटच्या गाळ्यातून माल पडत नाही. तिथून रोज संध्याकाळी राखी रंगाचा एक माणूस बाहेर पडतो. केस राखी, भुवया राखी, चपला राखी. तो अंग झटकतो, कुलूप लावतो आणि स्कूटरला किक मारून गासला आपल्या घरी जातो.

हा जितेंद्र सावे, समकालीन शिल्पकार. 'समकालीन' हा शब्द त्याने स्वतःच गाळ्याच्या पाटीवर कोरलेला आहे. वसाहतीत त्याचा अर्थ कुणाला धड ठाऊक नाही. वॉचमनच्या समजुतीप्रमाणे समकालीन म्हणजे ज्याचं काम चालू आहे आणि कधी संपेल ते सांगता येत नाही असा माणूस. वॉचमन फारसा चुकलेला नाही.

गासच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. लहानपणी मातीचा बैल असा करायचा की शेजारची म्हातारी त्याच्यापुढे गवत टाकायची. म्हणून बापाने हौसेने मुंबईच्या कलाशाळेत घातला. तिथे शिरताना जितेंद्रला हुबेहूब बैल घडवता येत होता. बाहेर पडताना, बैल बैलासारखा दिसणं हा कमीपणा आहे, एवढं तो शिकला होता. तेव्हापासून त्याने कशासारखं काही केलं नाही. काळ्या दगडाला भोकं पाडली, कडा घासल्या, आणि त्यांना 'अवकाश', 'अंतर्नाद', 'अवकाश दोन' अशी नावं दिली. मुंबईत एकदा प्रदर्शनही झालं. तिथे एक बाई 'अवकाश'ला टेकून बराच वेळ फोनवर बोलत होत्या. शिल्पाजवळ इतका वेळ थांबलेलं ते एकच माणूस, म्हणून जितेंद्र मोठ्या आशेने जवळ गेला, तर त्यांनी त्याला चार्जर आहे का म्हणून विचारलं.

पोट मात्र वेगळ्या कामावर चालायचं. तुळशीवृंदावनं, बंगल्यांच्या नावाच्या पाट्या, भुईगाव-नंदाखालकडच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या थडग्यांवरच्या संगमरवरी फरशा. हे काम तो उत्तम करायचा आणि त्याची त्याला लाज वाटायची. कुणी वृंदावनाचं कौतुक केलं की तो "ते व्यावसायिक आहे हो" असं म्हणून नाक मुरडायचा, जसं काही ते दुसऱ्याच कुणी केलं असावं.

घरी दोन बायका होत्या आणि दोघींचं कलेबद्दलचं मत ठाम होतं. आई धोंडूबाई ऐंशीला टेकलेली. तिच्या अंगणात जितेंद्रने 'अंतर्नाद' आणून ठेवलं होतं. त्याला वरच्या बाजूला एक धारदार कड होती. त्या कडेवर ती नारळ फोडायची.

"तुझ्या सगल्या दगडांत ह्यो एकच कामाचा," ती म्हणायची. "एका घावात फुटतो नि पानी सांडत नाय."

दुसरी त्याची बायको संपदा. ती दादरकडची, शाळेत गणित शिकवणारी. तिला नारळ फोडायचा नव्हता, हिशेब लावायचा होता. शेजारच्या गाळ्यातला सिद्धेश, तोच तो बाटल्यांच्या बुचांचा कारखानदार, मागे लागला होता की सावेसरांचा गाळा मला गोदामाला द्या, माझी बुचं ताडपत्रीखाली भिजतायत. मागच्या दिवाळीत फराळाची ताटं उचलता उचलता संपदाने विषय काढला.

"मी काही कलेच्या विरोधात नाही," ती म्हणाली. "पण मला एक माणूस दाखव, जितेंद्र. एकच. ज्याला तुझा एखादा दगड बघून वाटलं की हा माझ्या दारात असावा. नातेवाईक चालणार नाही, तुझ्या कॉलेजातला मित्र चालणार नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत असा माणूस मिळाला तर मी जन्मात गाळ्याचं नाव काढणार नाही. नाहीतर सिद्धेशला हो म्हणू."

जितेंद्र चिडला. कलेला गिऱ्हाइक लागत नाही, कलावंत काळाच्या पुढे असतो, वगैरे नेहमीचं सगळं त्याने सुनावलं. संपदा पेपर तपासायला बसली. पण खरं सांगायचं तर त्याला राग संपदाचा आलाच नव्हता. तिने नेमकं तेच मागितलं होतं जे तो इतकी वर्षं मनातल्या मनात मागत होता आणि ते चारचौघांत बोलायची त्याला शरम वाटत होती. एक माणूस. थांबून बघणारा.

आणि गंमत बघा, देवाने तो माणूस शेजारच्याच गाळ्यातून पाठवला. निदान जितेंद्रला तसं वाटलं.

थंडीचे दिवस होते. सिद्धेश एक दिवस गोदामाचं न बोलता सरळ गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत गेला. तिथे दोन मोठे काळे दगड होते. रस्ता रुंद करताना कुठेतरी डोंगर कापला, तेव्हा जितेंद्रने ते खटपट करून आणलेले. दोन्ही माणसापेक्षा उंच, रुंदीला दोन म्हशी शेजारी उभ्या कराव्यात तसे. एवढा चांगला दगड पुन्हा मिळायचा नाही म्हणून त्याने त्यांना टाकीही लावली नव्हती. सिद्धेशने एकाभोवती फेरी मारली. तळहाताने थोपटलं. मग खांदा लावून ढकलून बघितलं. दगड अर्थातच हलला नाही. सिद्धेशच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"सर, ह्याचं वजन किती असेल?"

जितेंद्रने अंदाज सांगितला. सिद्धेशने मान डोलावली.

"आतून पोकळ वगैरे नाही ना?"

"छे, अखंड आहे."

"आणि हा थेट जमिनीवर बसेल ना? म्हणजे टाइल्सवर नको, स्टँडवर नको. डायरेक्ट मातीवर पाहिजे."

जितेंद्रच्या अंगावर काटा आला. घनता, अखंडता, भूमीशी नातं. अहो, मोठमोठ्या शिल्पकारांना चौथरा टाकून द्यायला किती काळ लागला, आणि हा बुचांचा माणूस पहिल्या भेटीत मातीपर्यंत पोचला.

"मला एक शिल्प पाहिजे सर, भुईगावच्या बंगल्यासाठी," सिद्धेश म्हणाला. "ह्या दगडाचं."

"विषय काय डोक्यात आहे?"

"तुम्ही बनवाल ते. तुम्ही आर्टिस्ट आहात. फक्त देव नको. देव आला की मग घरात सगळं पाळावं लागतं."

इतकं स्वातंत्र्य आजवर कुठल्या राजाने कुठल्या शिल्पीला दिलं नसेल. जितेंद्र त्या दिवशी घरी लवकर गेला आणि संपदाला म्हणाला, "माणूस मिळाला."

संपदाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "त्याला तुझी आधीची शिल्पं आवडली का?"

"ती त्याने पाहिली नाहीत. तो थेट दगडाकडे गेला. त्याला भार कळतो, संपदा. वस्तुमान कळतं."

"जो माणूस आधी वजन विचारतो तो एक तर भंगारवाला असतो नाहीतर वाहतूकवाला," संपदा म्हणाली. "पण असू दे. शिल्प झालं, त्याने नेलं, आवडीने दारात ठेवलं, की मी शब्दाची पक्की आहे."

जितेंद्रने दोनांतला डावीकडचा दगड घेतला आणि कामाला लागला.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवायला हवी, कारण त्या महिन्यांत जितेंद्र सावेने जे केलं ते थट्टेचं नव्हतं. भुईगाव म्हटल्यावर त्याला बावखल आठवलं. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. वसईत जुन्या वाड्यांमधून अजून थोडी उरली आहेत. गासला त्यांच्या केळीतही एक होतं. लहानपणी तो तिथे काठाला पडून पाण्यात बघायचा नाही, वर बघायचा. पाण्यावरून उडालेलं ऊन काठावर कललेल्या माडाच्या खोडावर हलत राहायचं, ते बघायचा. ते हलणारं ऊन दगडात आणायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याचं काही नाव त्याला सुचलं नाही आणि पहिल्यांदाच त्याने नावाचा विचारही केला नाही.

त्याने दगड आतून पोखरला. ग्राइंडरने, मग टाकीने, मग हाताने पाणी घालून घासत. बाहेरची बाजू होती तशीच खडबडीत ठेवली, डोंगरातून आली तशी. आतली बाजू मात्र घासून घासून काळ्या आरशासारखी केली. दगड कमी होत होत भिंतीएवढ्या जाडीचा झाला, मग काही ठिकाणी जाड भाकरीएवढा. शेवटी उरली ती ओंजळीसारखी वाकलेली एक उभी पाकळी, आणि तिला वरून खाली गेलेली एक लांब चीर. दुपार कलली की त्या चिरेतून ऊन आत शिरायचं, आतल्या गुळगुळीत काळ्यावर पडायचं, आणि बघणारा पाऊलभर जरी सरकला तरी ते हलायचं. एवढा जड दगड, पण वारा आला तर उचलला जाईल असा दिसायचा. भाद्रपदात काम संपलं तेव्हा जितेंद्र त्याच्यासमोर खाली बसला आणि रडला. त्याला माहीत होतं की हे चांगलं झालंय. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

बरं, संपली थट्टेची सुट्टी.

पाऊस ओसरल्यावर सिद्धेश शिल्प बघायला आला. सोबत एक तरुण बाई होत्या, ज्ञानदा नावाच्या. कपाळावर गॉगल आणि हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये दिशा दाखवणारी सुई. त्या वास्तुसल्लागार होत्या. आधी त्या स्वयंपाकघरांची फर्निचरं काढून द्यायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ओटा कसा असावा हे सांगण्यापेक्षा कुठे असावा हे सांगणं सोपं आहे आणि लोक ते ऐकतातही जास्त.

सिद्धेश शिल्पासमोर उभा राहिला. मग मागे गेला. मग गाळ्याच्या कोपऱ्यात बघितलं.

"सर, बाकीचा दगड कुठंय?"

"बाकीचा म्हणजे?"

"म्हणजे हा एवढाच? मी मोठा सांगितला होता ना. तो पूर्ण." त्याने हातांनी दोन म्हशींएवढी रुंदी दाखवली.

जितेंद्रने मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिथे चिपऱ्या, तुकडे आणि भुकटी पडली होती. सिद्धेशचा चेहरा असा झाला की जणू बँकेतल्या माणसाने त्याची ठेव खाऊन टाकली असावी.

ज्ञानदाबाईंनी मग समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. सिद्धेशच्या प्लॉटच्या नैऋत्य कोपऱ्यात बावखल आहे. नैऋत्येला पाणी हा मोठा दोष. त्यामुळेच मशीन बंद पडतात, ऑर्डरी जातात, मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. बावखल बुजवावं तर गाव अंगावर येईल; एकाने प्रयत्न केला होता, त्याच्या दारात अख्खी आळी जमली होती. मग उपाय एकच. नैऋत्येला भार द्यायचा. जितका जास्त तितका चांगला. नुसता धोंडा ठेवला तर लोक हसतात, म्हणून शिल्प.

"हे छान आहे," ज्ञानदाबाई शिल्पाकडे बघत म्हणाल्या, "पण हे फार हलकं वाटतं. नैऋत्येला हे चालणारच नाही."

त्यांना कल्पना नसेल, पण त्या शिल्पाबद्दल कुणी केलेलं ते पहिलं खरं विधान होतं. हलकं वाटावं म्हणूनच त्याने हाडांची काडं केली होती.

सिद्धेश तसा सज्जन. तो आवाज न चढवता व्यवहाराचं बोलला. दुसरा दगड तसाच आहे ना, तो द्या. त्याला हातही लावू नका. दिवाळीआधी बंगल्याची वास्तुशांत आहे, मोठा कार्यक्रम करू, पुढारी येतील, पत्रकार येतील. पितळी पाटीवर तुमचं नाव टाकू.

जितेंद्रने त्याच क्षणी दोघांना गाळ्याबाहेर काढायला हवं होतं. त्याने एक रात्र मागून घेतली. आणि त्या रात्रीत त्याने स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की खाली उतरायची शिडीच काढून घेतली. आधी त्याला वाटलं, हा अपमान आहे. मग वाटलं, अपमान आहे, पण माणसं येतील. पत्रकार येतील. कार्यक्रम झाला की त्यांना थेट वालीवला गाळ्यात आणायचं आणि खरं शिल्प दाखवायचं. त्यातला एक तरी थांबेल. दिवाळी अजून गेलेली नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण पहाटेपर्यंत त्याला असंही वाटायला लागलं की न घडवलेला दगड हेसुद्धा एक विधान आहे. कलाकाराने हात मागे घेणं. दगडाला दगड राहू देणं. त्याने शीर्षकसुद्धा ठरवलं: 'अस्पर्श'.

"म्हणजे त्याने धोंडा मागितला आणि तू त्याचं बारसं करतोयस," संपदा म्हणाली.

"तुला कळणार नाही."

"कळलं म्हणून तर बोलले. आणि हा सिद्धेश माझ्या हिशेबात धरायचा नाही. गाळ्यातलं ते शिल्प मी काल बघून आले. ते चांगलं झालंय, जितेंद्र. मला त्यातलं कळत नाही, पण ते चांगलं झालंय. कुणाला तरी दाखव ते."

"कार्यक्रम झाला की दाखवणारच आहे सगळ्यांना," तो म्हणाला.

पण त्यानंतर तो गाळ्यात गेलाच नाही. त्या शिल्पासमोर उभं राहायची त्याला लाज वाटत होती. घरी बसून तो 'अस्पर्श'वरची टीप लिहू लागला. ती छापून पाहुण्यांना वाटायची होती. टीप काही केल्या संपेना. घडवायला महिने लागलेल्या शिल्पाबद्दल त्याने एक ओळ लिहिली नव्हती, आणि ज्या दगडाला बोटही लावलं नव्हतं त्याच्यावर चौथं पान चालू होतं. धोंडूबाई दोनदा सांगून गेली की पानी तापून निवलं, आंघोल कधी करनार.

अशात एका सकाळी फोन वाजला. सिद्धेशच्या बंगल्यावरचा मुकादम कृष्णा बोलत होता. गाळ्याची दुसरी किल्ली शेजारी म्हणून सिद्धेशकडे ठेवलेली होतीच.

"सर, हायड्रा क्रेन घेऊन आलोय. मोठा दगड उचलला. पण तिकडे बावखलाच्या कडेची माती मऊ आहे. एवढा बोजा खचेल. खाली दगडांचा भराव घालून सोलिंग करायला पाहिजे. तुमच्याकडे बाकीचा दगड पडलाय, तो नेऊ का?"

जितेंद्र त्या वेळी 'मौन' की 'निःशब्दता' या पेचात होता. मौनात माणूस येतो, निःशब्दतेत येत नाही, असं काहीतरी त्याच्या नुकतंच हाताला लागत होतं.

"न्या हो," तो म्हणाला.

"सगळाच नेऊ? आत आहे तो पण?"

"सगळा न्या. मला लिहू द्या."

त्याने 'निःशब्दता' ठेवलं.

वास्तुशांत थाटात झाली. भुईगावच्या त्या अरुंद गल्लीत गाड्यांची रांग लागली. बंगला नवा, भिंतींना रंगाचा वास, आणि मागे नैऋत्येला, बावखलाच्या काठावर, सिमेंटच्या ओट्यावर काळा धोंडा बसवलेला. 'थेट मातीवर' हे मागेच पडलं होतं. ज्ञानदाबाईंनी ओट्याचं वजनही भारात धरलं होतं. धोंड्याच्या पोटावर पितळी पाटी: 'अस्पर्श. शिल्पकार: जितेंद्र सावे.' समोर खुर्च्या, माइक, बटाटेवडे.

आणि खरंच, लोकांना तो दगड आवडला. काय भव्य आहे, म्हणाले. काय ताकद आहे, म्हणाले. एका गृहस्थांनी त्यात ध्यानस्थ ऋषी बघितला, त्यांच्या पत्नीला हत्ती दिसला, आणि दोघांनी फोटो काढून घेतले. कलेवर लिहिणाऱ्या एका तरुणाने टीप वाचून विचारलं की हा निर्णय घेताना किती संघर्ष झाला. जितेंद्र म्हणाला, "फार." संपदा शेजारीच होती, तिने वड्याचा तुकडा तोंडात घातला.

प्रमुख पाहुणे होते एक स्थानिक पुढारी. त्यांनी नारळ वाढवला, माइक हातात घेतला आणि ज्या म्हणीशिवाय महाराष्ट्रात कुठल्याही दगडाचं उद्घाटन होत नाही ती म्हटली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ज्या दगडाने जन्मात टाकीचा एक घाव सोसला नव्हता, त्याच्याकडे हात करून म्हटली. टाळ्या झाल्या. जितेंद्रच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो मनात मोजदाद करत होता, की गाळ्यात कुणाकुणाला न्यायचं. तो तरुण नक्की. त्याच्या सोबतची ती फोटो काढणारी. कॉलेजातले दोघे आले होते, तेही.

तेवढ्यात कुणीतरी त्याची बाही ओढली. कुंपणापलीकडच्या वाडीतली फ्लॉसी होती. ती जुन्या घरात एकटी राहायची, फुलं-भाजी लावायची. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरची फरशी जितेंद्रनेच कोरली होती, तेव्हापासूनची ओळख.

"जितू, एक इचारू?" ती म्हणाली. "तुला राग येनार नाय ना?"

"विचार ना मावशी."

"वरचा धोंडा ऱ्हाऊ दे. खाली घातला तो कोनी केला होता?"

"खाली कुठला?"

"ह्या ओट्याच्या पोटात. हायड्राने उतरवला नि माझ्या कुंपनाला टेकवून ठेवला. दोन दिस होता. बाहेरून असा खरबरीत, आपल्या समुद्रातल्या खडकासारखा. नि आतून काळी काच." ती हातांनी ओंजळ करून दाखवत होती. "मी दुपारी मोगऱ्याला पानी घालायला गेली, नि बघतच ऱ्हायली. चिरेतून ऊन आत यायचा, नि मी हलली का तो पन हलायचा. आमच्या बावखलावरचा ऊन माडावर हलतो ना, तसा. पानी कुठे चाल्ला, मोगरा कुठे, मला काय भान नाय. दुसऱ्या दिवशी मी जेवन घेऊनच तिथे बसली."

संपदाने हातातली बशी खुर्चीवर ठेवली.

"मी मुकादमाला बोल्ली, ह्यो फोडू नको बाबा. मला दे. माझ्या दारात ठेवते. काय द्यायचं ते देते, क्रेनवाल्याचे पन देते. तो बोल्ला, मावशी, मी सरांना फोन करून इचारलाय. सर बोल्ले, सगला न्या. म्हंजे टाकाऊच माल हाय." तिने त्याच्याकडे बघितलं. "तुझा होता काय रे?"

माइकवरून सिद्धेशचा आवाज आला, की आता शिल्पकार सावेसर आपल्याला 'अस्पर्श'मागची भूमिका सांगतील.

"लगेच फुटला?" जितेंद्रने विचारलं.

"नाय रे. घनाचे घाव मोप घातले. मी आत जाऊन दार लावून घेतला."

माइकवरून पुन्हा नाव पुकारलं. पुढच्या खुर्च्यांतले लोक मागे वळून बघू लागले. सिद्धेश स्वतःच लगबगीने आला. "सर, चला ना, साहेबांना निघायचंय."

जितेंद्र जागचा हलला नाही. तो फ्लॉसीच्या हातांकडे बघत होता. ते हात अजून तसेच होते, ओंजळीसारखे.

"त्यांना जमणार नाही," संपदा सिद्धेशला म्हणाली. "साहेबांना जाऊ दे." मग ती फ्लॉसीकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "मावशी, परत सांगा त्याला. तुम्ही दुपारी वाडीत गेलात तिथपासून सांगा."

फ्लॉसीला काही उमजलं नाही. पण सांगण्यासारखं होतं, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.